गच्चीवरची तार : घरगुती अँटेनाचा एक इतिहास

गेल्या मार्चमध्ये डोंबिवलीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मी माझा ३२ फुटांचा लोखंडी खांब उतरवला. इमारत पुनर्विकासाला गेली. घरं रिकामी करायची तारीख ठरली, तेव्हा कुणी देव्हारा बांधून घेतला, कुणी तुळशीची कुंडी. मी खांब घेतला. दोन पातळ्यांवर तीन-तीन असे सहा तणावे, त्यांत ओवलेले अंड्याच्या आकाराचे चिनी मातीचे १८ इन्सुलेटर, सहा टर्नबकल. त्यांतले दोन इतके गंजलेले होते, की करवतीनं कापावे लागले. हे सामान जिन्यातून उतरवताना दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "अरे, तो टीव्हीचाच खांब ना? पण टीव्हीला तर कधीची केबल आली. मग इतकी वर्षं हा कशाला होता?"

आजी माझ्या २६ वर्षांच्या शेजारीण. खांब कशाचा, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, असं तेव्हा लक्षात आलं. जिन्यात उभं राहून सांगितलं, "रेडिओचा. मी हॅम रेडिओवाला आहे." त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालं नसावं. हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात शिकलो, पुढे स्वतःचं दुकान चालवलं आणि फावल्या वेळात जुनी मासिकं, खटल्यांची वर्णनं, तांत्रिक पुस्तकं वाचत गेलो. रेडिओच्या इतिहासात आवाजाला जागा मिळते, यंत्राच्या पेटीलाही मिळते. त्या पेटीतून गच्चीवर गेलेल्या तारेला सहसा मिळत नाही. मी ती तार धरून मागे जाणार आहे.

टाकून दिलेल्या लहरी

आधी एक साधा हिशेब. रेडिओ लहरीला लांबी असते. त्या लांबीच्या निम्मी तार हवेत ताणली, मधोमध तोडून तिथे यंत्राची जोडणी केली, की उत्तम अँटेना तयार होतो. याला डायपोल म्हणतात. २०० मीटरच्या लहरीला १०० मीटर तार लागेल, ४० मीटरच्या लहरीला २०. प्रत्यक्षात तार पाचेक टक्के आखूड ठेवावी लागते, पण अंदाज चुकत नाही. म्हणजे घराच्या छपरावर अँटेना मावेल की नाही, हे लहर किती लांब आहे त्यावर ठरतं.

विसाव्या शतकाच्या आरंभी दूरवर बोलायचं तर लांब लहरच हवी, अशी सगळ्यांची खात्री होती. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीनं अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला, तेव्हा त्यानं सुमारे ५०० फूट तार पतंगाला बांधून वर चढवली होती. पुढे मोठ्या कंपन्यांनी आणि आरमारांनी मैलभर पसरलेल्या तारा आणि शेकडो फूट उंचीचे मनोरे उभारले. हौशी माणसाला हे परवडणारं नव्हतं. १९१२ मध्ये, टायटॅनिक बुडाल्यानंतर काही महिन्यांतच, अमेरिकेनं रेडिओचा कायदा केला आणि हौशींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकललं. या लहरी व्यापारी कामाला निरुपयोगी आहेत, असा त्या काळचा समज होता. घरातली मोडकी खाट माळ्यावर टाकावी, तशी ही वाटणी होती.

हौशींनी ती खाट दुरुस्त केली. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशींच्या संघटनेनं पॉल गॉडली यांना स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन इथे पाठवलं. कडाक्याच्या थंडीत, तंबूत बसून, खांबांवर ताणलेल्या सुमारे १३०० फूट तारेवर त्यांनी अमेरिकेतल्या घरगुती केंद्रांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लेऑन दलुआ आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकच्या आरपार दोन्ही बाजूंनी संभाषण केलं. मग कळलं, की आखूड लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून परत जमिनीकडे येतात आणि थोड्या शक्तीत हजारो मैल जातात. हौशींना पुढे ८०, ४०, २० मीटरचे पट्टे मिळाले.

या घडामोडीकडे मी जरा वेगळ्या बाजूनं पाहतो. लहर आखूड झाली, म्हणून तारही आखूड झाली. १०० मीटरची तार कुणाच्या घराला झेपली असती? २० मीटरची तार मात्र गिरगावातल्या चाळीच्या छपरावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरामात मावते. निरुपयोगी म्हणून वाट्याला आलेल्या लहरींमुळेच अँटेना मैदानावरून घराच्या छपरावर आला.

आपल्याकडे

भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१ ची मानतात. कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस ही त्यातली पहिली दोन नावं. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं आणि श्रोत्यांच्या घरांवर एरिअली दिसू लागल्या. तेव्हाच्या रेडिओला बाहेरची तार लागायचीच. ज्यांना गच्ची नव्हती, ते खोलीतच छताखालून तांब्याच्या जाळीची पट्टी ताणायचे. माझ्या लहानपणापर्यंत ती पट्टी अनेक घरांत होती. तिच्यावर धूळ बसे आणि दिवाळीच्या साफसफाईत ती पुसायचं काम पोरांकडे येई. रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि त्याची फी टपाल कार्यालयात भरावी लागे. ही पद्धत थेट १९८० च्या दशकापर्यंत चालली.

ऐकणाऱ्यांचं असं, तर बोलणाऱ्यांची गोष्ट निराळी. १९२९ पासून भारतीय हौशींच्या संकेतनामांची सुरुवात 'व्हीयू' या अक्षरांनी होऊ लागली. तिशीच्या मध्यावरही देशभरातले परवानाधारक ५० च्या आतच होते आणि त्यांतले बरेचसे ब्रिटिश लष्करी अधिकारी होते. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच नवे परवाने बंद झाले आणि आहेत त्यांनी प्रक्षेपणाची यंत्रं पोलिसांकडे जमा करावीत, असे लेखी हुकूम निघाले. म्हणजे १९४२ साली मुंबईत कुणाच्या गच्चीवर ऐकण्यासाठी तार असेल तर तो सभ्य गृहस्थ, आणि त्याच तारेतून बोलला तर तुरुंग.

४२.३४ मीटर

मी हे सगळं ज्यांच्याकडे शिकलो, ते पोस्ट आणि तार खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही त्यांना तारमास्तर म्हणायचो. १९८७ साली मी १६ वर्षांचा होतो, दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करत होतो आणि संध्याकाळी त्यांच्याकडे मोर्स शिकायला जायचो. एके दिवशी त्यांनी गणित घातलं : "लहर ४२.३४ मीटर. डायपोलची तार किती फूट?" मी पाटीवर मांडलं. ३०० ला ४२.३४ नं भागलं, उत्तर आलं ७.०८. ते म्हणाले, "हे झाले मेगासायकल. आता ४६८ ला यानं भाग." उत्तर आलं ६६ फूट. बरोबर, म्हणाले, आणि मग विचारलं, "ही लहर कुणाची होती, माहितीये?"

ती काँग्रेस रेडिओची होती. 'भारत छोडो'चा ठराव झाल्यावर नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तेव्हा ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत हे भूमिगत केंद्र सुरू झालं. २२ वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सहकारी ते चालवत होते. राममनोहर लोहिया त्यांच्या पाठीशी होते. केंद्राच्या घोषणेत लहरीची लांबी सांगितली जायची, ४२.३४ मीटर, आणि ठिकाण सांगितलं जायचं : भारतात कुठेतरी. यंत्रं जमवण्या-जोडण्यात शहरातल्या हौशी रेडिओवाल्यांचा हात होता. ७.०८ मेगाहर्ट्झ हा आकडा पाहा. तो हौशींच्या ४० मीटरच्या पट्ट्यात पडतो. माझ्या मते हा योगायोग नाही. ज्या पट्ट्यावर हात बसलेला, त्यासाठी जुळवलेल्या गुंडाळ्या आणि भाग हाताशी असलेले, त्यावरच हौशी माणूस यंत्र बांधणार.

केंद्र एका जागी राहिलं नाही. चौपाटीजवळचं सी व्ह्यू, वाळकेश्वर रस्त्यावरचं रतन महाल, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला अशी ठिकाणं बदलत गेली. एका रविवारी मी हा सगळा फेरा पायी केला. पेटी उचलून नेणं अवघड खरं, पण ती झाकून नेता येते. तार झाकता येत नाही. प्रत्येक नव्या ठिकाणी ती ताणायची म्हणजे दोन टोकांना आधार हवा, मधून खाली यंत्रापर्यंत जोडणी हवी, आणि हे सगळं कुणाच्या नजरेत न भरता व्हायला हवं. पूर्ण डायपोल ताणायचा तर ६६ फूट मोकळी जागा लागते. त्याहून आखूड तारही जुळवून घेता येते, पण तिची ताकद घटते. म्हणजे लपण्यासाठी घर निवडताना गच्चीचाही विचार करावाच लागणार.

या माणसांच्या बाजूनं दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे गर्दी. दक्षिण मुंबईच्या छपरांवर ऐकणाऱ्यांच्या एरिअली ठिकठिकाणी होत्या. त्यांत आणखी एक तार दिसली, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. दुसरी गोष्ट भौतिकशास्त्राची. ७ मेगाहर्ट्झची आडवी तार दहा मीटर किंवा त्याहून कमी उंचीवर असेल, तर तिची बरीचशी शक्ती सरळ आकाशाकडे जाते. दूर देशी बोलायला हा दोष. पण वर गेलेली लहर वरच्या थरावरून पाऊस पडावा तशी सभोवती तीन-चारशे किलोमीटरांत उतरते आणि मधल्या डोंगरांना जुमानत नाही. अंधार पडल्यावर पल्ला आणखी वाढतो. प्रांतातल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचायचं, तर ठेंगण्या छपरावरची तार ही उंच मनोऱ्यापेक्षा सोयीची होती.

पोलीस हे प्रक्षेपण ऐकत होते, उतरवून घेत होते आणि ठिकाण शोधत होते. दिशा शोधायची रीत अशी : तारेचं गोल वेटोळं फिरवत राहायचं, ज्या दिशेला आवाज सर्वांत मंद होतो ती नोंदवायची, दोन ठिकाणांहून घेतलेल्या अशा रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे केंद्र. पण आकाशातून उतरणारी लहर या वेटोळ्याला फसवते. नेमकं ठिकाण सापडायला यंत्र घेऊन अगदी जवळ यावं लागतं. केंद्र मोजका वेळ चाले आणि जागा बदले, याचं मोल इथे कळतं.

शेवटी पोलिसांना वाट दाखवली ती वेटोळ्यानं नव्हे. आधी तंत्रज्ञ हाती लागला आणि त्याच्याकडून ठिकाण कळलं. १२ नोव्हेंबर १९४२ च्या संध्याकाळी पारेखवाडीत प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली. उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी पकडले गेले. खटल्यात बाबूभाई खाकर यांना पाच, उषाबेनना चार आणि झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. सुमारे तीन महिने ती तार तग धरून राहिली होती. तारमास्तर एवढं सांगून थांबले आणि पाटीवरचं माझं गणित पुसू दिलं नाही. ती पाटी चार-पाच दिवस तशीच भिंतीला टेकून होती.

त्याच वर्षी, सिंगापूर आणि कीटो

१९४२ हे साल अँटेनाच्या इतिहासात आणखी दोन ठिकाणी लागतं, आणि दोन्हींचा संबंध पुढे आपल्या गच्चीशी येतो.

त्या वर्षी १५ फेब्रुवारीला सिंगापूर जपानच्या हाती पडलं. तिथे सापडलेल्या ब्रिटिश रडारच्या टिपणांत जपानी तज्ज्ञांना 'यागी' हा शब्द पुन्हा पुन्हा दिसला. अर्थ लागेना, तेव्हा युद्धकैद्याला विचारण्यात आलं. तो चक्रावला. म्हणाला, हे तर तुमच्याच माणसाचं नाव! सेंडाईच्या तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये हा अँटेना जगापुढे मांडला होता. १९२८ मध्ये यागींनी त्यावर इंग्रजीत लेखही लिहिला. रचना साधी. एका आडव्या दांडीवर समांतर नळ्या. एकीला तार जोडलेली, तिच्यामागे थोडी लांब नळी आरशासारखी, पुढे थोड्या आखूड नळ्या भिंगासारख्या. लहर एकाच दिशेला एकवटते. परदेशानं हे उचललं, आणि मायदेशाला शत्रूच्या वहीतून त्याची किंमत कळली.

दुसरं ठिकाण इक्वेडोरची राजधानी कीटो. समुद्रसपाटीपासून २८०० मीटरहून उंच. तिथल्या मिशनरी रेडिओ केंद्रात क्लॅरेन्स मूर हे अभियंते आणि हौशी रेडिओवाले काम करत होते. नळ्यांच्या टोकांशी विजेचा दाब सर्वाधिक असतो. विरळ हवेत तिथे ठिणग्यांचा झोत उठे आणि नळ्यांची टोकं वितळत. मूरनी विचार केला, टोकच ठेवलं नाही तर? तार चौकोनात फिरवून परत स्वतःशी जोडली. या बंद चौकोनाचा अँटेना पुढे 'क्वाड' म्हणून जगभरच्या हौशींनी उचलला. त्याला नळ्या नकोत. तार आणि ती धरायला सांगाडा एवढंच लागतं, आणि सांगाडा बांबूचा चालतो. आपल्यासारख्या देशात ॲल्युमिनियमपेक्षा बांबू कितीतरी सहज मिळतो.

बांबू, नळ्या आणि रविवारची सकाळ

युद्धानंतर १९४६ मध्ये परवाने पुन्हा सुरू झाले. १९४८ साली महूच्या लष्करी सिग्नल विद्यालयात भारतीय हौशींची देशव्यापी संघटना स्थापन झाली. यंत्रं विकत घेणं फार थोड्यांना शक्य होतं. लष्करानं विकायला काढलेलं भंगार आणि स्वतःची सोल्डरिंगची इस्त्री, यावर पुढची काही दशकं निघाली. तारमास्तरांचा पहिला अँटेना असाच, दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची तार. पावसाळ्यात बांबू भिजून वाकायचा, तार सैल पडायची, कावळे तिच्यावर बसायचे आणि संक्रांतीला पतंगाचा मांजा तिच्यात अडकायचा.

मग टीव्ही आला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि सेंडाईच्या दोन प्राध्यापकांचा अँटेना बघता बघता आमच्या कौलांवर चढला. मुंबईचं प्रक्षेपण चौथ्या चॅनेलवर, ६१ ते ६८ मेगाहर्ट्झमध्ये असे. म्हणून आपल्याकडच्या नळ्या दोन मीटरहून जास्त लांब असायच्या. "आला का? थोडा डावीकडे. गेला, गेला!" हा गच्ची आणि खोली यांमधला संवाद ज्यांनी केला आहे, त्यांनी यागीची दिशाशक्ती हातानं अनुभवली आहे. आमच्या दुकानात महिन्याला कितीतरी अँटेना बसवले जायचे. उरलेल्या नळ्या मी तारमास्तरांकडे न्यायचो. हौशी रेडिओला आमच्या भागात ॲल्युमिनियम मिळालं ते असं, टीव्हीच्या उष्ट्यातून.

भांडणंही तिथूनच सुरू झाली. हौशींचा एक पट्टा २१ मेगाहर्ट्झचा. यंत्रातून मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे अंशही थोडेफार निसटतात. २१ ची तिप्पट ६३, म्हणजे थेट मुंबई दूरदर्शनच्या चॅनेलवर. तारमास्तरांनी २१ वर बटण दाबलं, की शेजारच्या पडद्यावर जाळी उमटे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागे, तेव्हा त्यांच्या यंत्राचं बटणच बंद असे. ते म्हणायचे, "कायदा माझ्या बाजूचा असेलही. पण रामाच्या वेळेला मी रावण होणार नाही." इतर दिवसांसाठी आम्ही ती तिसरी लहर अडवणाऱ्या गाळण्या बांधल्या आणि आळीतल्या टीव्हींच्या मागे फुकट बसवून दिल्या. तक्रारी थांबल्या. पुढे माझ्या सोसायटीच्या सभेत खांबाची परवानगी मागताना हाच धडा कामी आला. आधी सगळ्यांचे टीव्ही तपासून दिले, मग अर्ज दिला.

१९८९ मध्ये आम्ही २० मीटर पट्ट्यासाठी बांबूचा क्वाड बांधला. एकेक बाजू साडेसतरा फुटांच्या वर. आठ बांबू आणि दोन चौकोन, पुढचा बोलणारा, मागचा आरसा. दोन रात्री त्यावर जपानपर्यंतची बोलणी झाली. जूनच्या पहिल्या वाऱ्यानं तो उलटून शेवग्यावर टाकला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की जोर चौपट होतो, हे वाक्य मी वाचलं होतं. समजलं त्या दिवशी.

दहा फुटांचा नियम

आता जे लिहितो, ते न लिहिता हा इतिहास पुरा होणार नाही.

१९८८ च्या मे महिन्यात आमच्या दुकानातून दोघं जण टीव्हीचा अँटेना बसवायला गेले. एक मी, दुसरा माझ्याच वयाचा. बंगल्याच्या कडेनं उच्च दाबाची विजेची तार जात होती. वीस फुटांचा लोखंडी पाइप आम्ही उभा केला. तणावे बांधायच्या आधी मी पक्कड घ्यायला खाली वाकलो. पाइप कलला. त्यानं तो सोडायच्या ऐवजी सावरायचा प्रयत्न केला. पडणारी वस्तू माणूस सावरतोच. त्याचा जीव वाचला, उजवा हात कोपरापासून गेला. तो मग गावी परतला. मी दोन महिने गच्चीवर पाऊल ठेवलं नाही.

तारमास्तरांनी सांत्वन केलं नाही. त्यांनी नियम लिहून दिला, आणि तो आजतागायत माझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणात चिकटवलेला आहे. खांबाच्या पूर्ण उंचीत दहा फूट मिळवा. विजेची तार त्याहून जवळ असेल, तर तिथे खांब उभा करू नका. तो कुठल्याही बाजूला पडला तरी तारेला शिवता कामा नये. खांब एकट्यानं उभा करू नका. तणावे तीन दिशांना समान कोनात आधीच मोजून, बांधून ठेवा आणि एकेक माणूस त्यावर ठेवा. पडू लागला तर सावरू नका, सोडा आणि पळा. खांबाला जमिनीत पुरलेली जाड पट्टी जोडा, आणि ढग गडगडले की अँटेनाची केबल यंत्रापासून काढा.

इतिहासात मार्कोनीचा पतंग येतो, यागींची वही येते. जगभरच्या छपरांवरून पडलेली, भाजलेली माणसं येत नाहीत. घरी मनोरा उभारण्याचं शास्त्र त्यांच्या किमतीवर तयार झालं आहे. दहा फूट हा आकडा कुणी खुर्चीत बसून ठरवलेला नाही, एवढं मला नक्की वाटतं.

किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद हादरलं, किल्लारी आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. मदतीला धावलेल्यांत हौशी रेडिओवालेही होते. मला तेव्हा परवाना मिळालेला नव्हता. मिनिटाला पाच शब्दांची मोर्सची परीक्षा पुढच्या वर्षी पार पडली. त्या आठवड्यात तारमास्तरांच्या खोलीत मी रिसीव्हरसमोर बसून होतो. डोंबिवलीपासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर, मध्ये सह्याद्री. तारमास्तरांनी गच्चीवरची उंच तार मुद्दाम खाली आणून पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत, माणसाच्या दुप्पट उंचीवर ताणली. मी गोंधळून पाहिलं, तर म्हणाले, "दूर जायचं नाहीये. वर जायचंय आणि इथंच पडायचंय. ती ६६ फुटांची पाटी आठव."

सात मेगाहर्ट्झ, ६६ फूट, ठेंगणं छप्पर. एकावन्न वर्षांपूर्वीचंच गणित.

त्यानंतरही असे प्रसंग आले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम चमूसह अंदमानात गेल्या होत्या. हेतू हौसेचा, दुर्मीळ ठिकाणाहून जगाशी बोलण्याचा. २६ तारखेला त्सुनामी आली. इतर संपर्क तुटल्यावर पोर्ट ब्लेअरहून त्यांच्याच केंद्रानं निरोप पोहोचवले. तार आधीपासून वर होती, म्हणून ते जमलं. संकट आल्यावर अँटेना बांधायला घेतला, तर फार उशीर होतो. आजींच्या "इतकी वर्षं हा कशाला होता?" या प्रश्नाचं माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

तारमास्तर २००६ मध्ये गेले. त्यांचा खांब घर विकताना भंगारात गेला. मला कळेपर्यंत उशीर झाला होता. माझा खांब सध्या मेहुण्याच्या गोदामात आडवा पडला आहे. नव्या इमारतीची गच्ची कुणाची, तिथे काय चालेल, हे तीन वर्षांनी ठरेल. तेव्हा मी साठीकडे झुकलेला असेन, आणि गुडघे आताच कुरकुरतात.

सध्या आम्ही भाड्याच्या घरात, सातव्या मजल्यावर आहोत. घरमालकांनी भिंतीला भोक पाडायचं नाही, असं करारात लिहून घेतलं आहे. म्हणून मी हाताच्या नखाएवढ्या जाडीचीही नसलेली काळी तार बाल्कनीच्या ग्रिलपासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत बाहेरून ओढली आहे. लांबी जेमतेम ३० फूट. ६६ नाही. जुळवायला गुंडाळी लागते आणि ताकद घटते, हे वर लिहिलंच आहे. गेल्या आठवड्यात जुन्या शेजारीण आजी घर बघायला आल्या होत्या. बाल्कनीत उभं राहून त्यांनी तारेकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ही रेडिओची ना?"

"हो," मी म्हटलं. "ऐकायचं आहे का?"

त्या खुर्ची ओढून बसल्या.